घरची आणि दुकानाची बिले तपासून भरण्याची शिस्त कशी लावावी?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. कराडजवळच्या एका गावात आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि त्याला लागूनच पिठाची गिरणी आहे. गेली पस्तीस वर्षे दुकान, गिरणी आणि घर या तिन्हींची बिले माझे सासरे पाहत असत. मागच्या दिवाळीनंतर त्यांची नजर अधू झाली आणि हे सगळे काम माझ्याकडे आले. त्यांची पद्धत म्हणजे गल्ल्याशेजारी टांगलेली लोखंडी तार. आलेले बिल तारेत ओवायचे, पैसे दिले की काढून त्यावर निळ्या पेन्सिलीने फुली मारायची आणि कपाटातल्या बासनात ठेवायचे. ते काम पाहत होते तोवर या पद्धतीत काही चुकले नाही, कारण कोणते बिल कोणाचे आणि किती दिवसांचे, हे त्यांच्या डोक्यात होते. माझ्या डोक्यात ते नाही.

गेल्या तीन महिन्यांत माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली अशी की एका घाऊक व्यापाऱ्याचे १८,६४० रुपयांचे बिल मी दोनदा भरले. सासऱ्यांनी त्याचा धनादेश आधीच दिला होता, परंतु विक्री प्रतिनिधी बिलाची दुसरी प्रत घेऊन आला तेव्हा त्यावर फुली नसल्यामुळे मी यूपीआयने पुन्हा पैसे पाठवले. व्यापारी सज्जन होता, त्याने रक्कम पुढच्या बिलात वळती केली. दुसरी चूक माझी की वीज कंपनीची, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. घराचे विजेचे बिल एका महिन्यात ९५ युनिटचे आले आणि पुढच्या महिन्यात एकदम ३१० युनिटचे. मी ते मुकाट्याने भरले.

माझे विचारणे इतकेच आहे की बिल हातात आल्यावर नेमके काय तपासावे, कशाशी ताडून पाहावे आणि पैसे दिल्याची नोंद कशी ठेवावी. आम्ही जीएसटीचे नियमित करदाते आहोत. विवरणपत्रे कराडमधील करसल्लागार भरतात, परंतु त्यांच्यापर्यंत कागद मीच पोहोचवते.

निवृत्त हिशेबनीस यांचा प्रतिसाद

ताई, आपल्या सासऱ्यांची तार मला फार ओळखीची वाटली. मी एकतीस वर्षे एका सहकारी संस्थेच्या हिशेब खात्यात काढली आणि आमच्याकडेही अशी तार होती. त्या तारेत दोष नाही. दोष असा की तारेवर फक्त समोरच्याने दिलेला कागद असतो, आपला स्वतःचा कागद नसतो. बिल बिलाशीच ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण त्यातला गुणाकार आणि बेरीज आजकाल संगणक करतो आणि ती सहसा बरोबरच असते. चूक असते ती संगणकात भरलेल्या आकड्यात, म्हणजे नगांत, वजनात, दरात आणि सवलतीत. ती पकडायची असेल तर माल उतरवून घेताना आपण स्वतः केलेली नोंद हवी.

म्हणून पहिली गोष्ट अशी करावी की एक आवक वही ठेवावी. टेम्पो दाराशी आला की चालक घाईत असतो आणि चलनावर, म्हणजे मालासोबत आलेल्या नगांच्या यादीवर, सही मागतो. त्या वेळी पोती, डबे आणि खोकी मोजूनच सही करावी आणि कमी-जास्त असेल ते त्याच चलनावर, त्याच्यासमोर लिहावे. तारीख, चलन क्रमांक, नग आणि ठरलेला दर एवढे आवक वहीत उतरवावे. बिल आले की आधी ही वही उघडावी. मागणी देताना फोनवर ठरलेला दर जर आपण कोठेच लिहिला नसेल, तर बिलातील दर बरोबर की चूक हे ठरवायला आपल्याजवळ आधारच राहत नाही.

तेलाच्या डब्याचे उदाहरण देतो, कारण किराणा दुकानात सर्वांत जास्त पैसा येथे गळतो. डबा पंधरा किलोचा आहे की पंधरा लिटरचा, हे बिलावर आणि डब्यावर, दोन्हीकडे वाचावे. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात १३.५६ किलो तेल असते, १.३५ किलो कमी. भाव पंधरा किलोचा ठरला आणि डबे पंधरा लिटरचे उतरले, तर बिलाची बेरीज अचूक असूनही प्रत्येक डब्यामागे आपण सव्वा किलोहून अधिक तेलाचे पैसे फुकट देतो.

सवलतीकडेही बारकाईने पाहावे. समजा २४,००० रुपयांच्या मालावर दोन टक्के सूट ठरली आहे. बिलातच दाखवलेली सूट कर आकारण्यापूर्वी वजा व्हायला हवी. म्हणजे ४८० रुपये वजा जाता २३,५२० रुपये उरतात, त्यावर पाच टक्के जीएसटी १,१७६ रुपये आणि एकूण बिल २४,६९६ रुपये. तीच सूट कर लावल्यानंतर वजा केली तर बिल २४,७२० रुपयांचे होते. फरक चोवीस रुपयांचाच आहे हे खरे, पण तो प्रत्येक बिलात येतो. ‘दहावर एक’ अशी योजना असेल तर अकरावा नग खरोखर उतरला का, हे आवक वहीच सांगेल, बिल सांगणार नाही.

कराच्या बाबतीत आपण तीन ठिकाणी नजर टाकावी. बिलावर आपला जीएसटी क्रमांक पंधराही अक्षरांनिशी बरोबर आहे का, हे आधी पाहावे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. विक्रेता राज्यातलाच असेल तर केंद्राचा आणि राज्याचा असा निम्मा निम्मा कर हवा. निपाणी किंवा बेळगावहून, म्हणजे २९ क्रमांकाच्या कर्नाटकातून माल आला असेल तर एकात्मिक कर (आयजीएसटी) हवा. तिसरी गोष्ट म्हणजे दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे बदलले असून अंगाच्या साबणाची वडी, टूथपेस्ट, शाम्पू आणि केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले आहे. एखाद्या लहान व्यापाऱ्याच्या संगणकात जुनाच दर राहून गेला असेल तर तो आपल्याच बिलातून पुढे येईल.

पैसे दिल्याच्या नोंदीबद्दल एकच आग्रह धरतो. पैसे ‘खात्यावर’ म्हणून मोघम देऊ नयेत, बिल क्रमांक सांगून द्यावेत. यूपीआयने पैसे पाठवताना टीप लिहिण्याची जागा असते, तेथे बिल क्रमांक टाकावा. फुलीऐवजी बिलावर तारीख, रक्कम, धनादेश किंवा व्यवहार क्रमांक आणि सही असावी, आणि प्रतिनिधीने आणलेल्या दुसऱ्या प्रतीवर कधीही पैसे देऊ नयेत. आधी मूळ प्रत शोधावी, ती न सापडल्यास व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवावा. तीन महिन्यांतून एकदा हा उतारा आपल्या वहीशी जुळवावा. फरक आला तर तो नऊने भागून पाहावा. निःशेष भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. आपल्याच १८,६४० चे कोणी १८,४६० लिहिले तर फरक १८० येतो, आणि वीस नव्वे एकशेऐंशी. आमच्या जुन्या मुख्य लेखनिकांनी ही युक्ती शिकवली आणि तिने माझी कित्येक ३१ मार्चची जागरणे वाचवली.

तीन फेज यांचा प्रतिसाद

हिशेबनीस काकांनी दुकानाचे सविस्तर सांगितले आहे. मी विजेपुरते लिहितो, कारण सांगलीत माझा लहान कारखाना असून दर महिन्याला तीन मीटरची बिले मी स्वतः तपासतो.

ताई, आपले ९५ आणि ३१० युनिटचे कोडे मला वाटते त्याप्रमाणे असे असावे. पहिल्या महिन्यात रिडिंग घेणाऱ्याला मीटर पाहता आला नाही, म्हणून सरासरीने बिल आले. दुसऱ्या महिन्यात खरे रिडिंग मिळाले आणि दोन महिन्यांचे मिळून ३१० युनिट धरून आधीच्या बिलाची रक्कम वजा केली गेली. दोन्ही बिलांवरील ‘चालू रिडिंग’ आणि ‘मागील रिडिंग’ हे रकाने पाहा. पहिल्या बिलात रिडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा असेल तर माझा तर्क बरोबर आहे.

असे बिल आले की सर्वांत आधी टप्पे तपासायचे. घरगुती दर पहिल्या १०० युनिटला कमी, १०१ ते ३०० ला जास्त आणि त्यापुढे आणखी जास्त असतात. बिल दोन महिन्यांचे असेल तर प्रत्येक टप्पाही दुप्पट धरला पाहिजे, म्हणजे पहिले २०० युनिट कमी दराने आणि उरलेले ११० दुसऱ्या दराने. हिशेब सोपा जावा म्हणून दर ५, ११ आणि १५ रुपये असे कल्पू. योग्य आकारणी १,००० अधिक १,२१० म्हणजे २,२१० रुपये होईल. सगळे युनिट एकाच महिन्याचे धरले तर ५०० अधिक २,२०० अधिक १५० म्हणजे २,८५० रुपये होतील. युनिट तेच असताना ६४० रुपयांचा फरक पडतो, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. खरे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत असतात, ते घालून हाच हिशेब आपल्या बिलावर करून पाहा.

यावर उपाय अगदी साधा आहे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरच्या पडद्यावरील आकड्याचा आणि मीटर क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. माझ्या मीटरवर आकडे एकामागून एक फिरत राहतात, तेव्हा ‘केडब्ल्यूएच’ (म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा येईपर्यंत थांबावे लागते. घाईत कधी तारीख, कधी व्होल्टेज टिपले जाते. मी स्वतः दोन महिने व्होल्टेजचे फोटो काढत होतो.

गिरणीच्या बिलात आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे वर्गवारी. दुकान वाणिज्यिक दरात येते, परंतु पिठाची गिरणी औद्योगिक वर्गवारीत येते आणि दोन्हींचे दर वेगळे आहेत. दुकानाचा फ्रीज आणि दिवे गिरणीच्या मीटरवर घेतले असतील तर ते आधी वेगळे करून घ्यावेत, नाहीतर तपासणीत मंजूर कारणाशिवाय वापर केल्याचा ठपका येतो आणि मग बिल तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘गुणक अवयव’, म्हणजे दोन रिडिंगमधील फरकाला ज्याने गुणून युनिट काढतात तो आकडा. लहान मोटारीच्या सरळ जोडलेल्या मीटरवर तो १ असतो. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलात हा आकडा, नव्या मीटरचा क्रमांक आणि जुन्या मीटरचे शेवटचे रिडिंग हे तिन्ही जरूर तपासावेत. मीटर बदलताना दिलेल्या अहवालाची प्रत फेकू नये.

बिल चुकले असे वाटले तरी न भरता बसून राहू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आपण निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

चौथा मजला यांचा प्रतिसाद

मी पुण्यात राहतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे. दुकानाचे मला कळत नाही, पण घरच्या बिलांसाठी इतकी यातायात करण्याची गरज आहे का, असा प्रश्न मनात आला. वीज, फोन आणि गॅस यांची बिले मी बँकेतून आपोआप भरली जातील अशी सोय करून ठेवली आहे आणि चार वर्षांत एकदाही दंड लागलेला नाही. उलट आमच्या संस्थेत देखभाल शुल्क थकवणारे सभासद तेच असतात, जे ‘आधी हिशेब पाहतो, मग भरतो’ म्हणतात. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येते, आणि ते लागले की त्यांचा हिशेब तपासायचा उत्साह मावळतो.

एक सावधगिरी मात्र सांगतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असा संदेश आल्यास त्या क्रमांकावर फोन करू नये. बिल भरणा नेहमी आपल्याजवळच्या ग्राहक क्रमांकावरूनच करावा आणि पडद्यावर आपले नाव दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये. आमच्या आईने माझा ग्राहक क्रमांक समजून दोन वेळा भाडेकरूचे बिल भरले होते, कारण दोन्ही क्रमांकांचे शेवटचे चार अंक सारखे होते.

तीन फेज यांचा प्रतिसाद

चौथा मजला, आपल्या मताशी मी सहमत नाही. दंड लागला नाही याचा अर्थ बिल बरोबर होते असा होत नाही. आपोआप भरणा चालू ठेवायचाच असेल तर त्याला कमाल मर्यादा घालावी, म्हणजे नेहमीच्या बिलाच्या दीडपट वगैरे, आणि पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी जो पूर्वसूचनेचा संदेश येतो तो वाचावा. ताईंचे ३१० युनिटचे बिल आपल्या पद्धतीत त्यांच्या नकळत भरले गेले असते.

चौथा मजला यांचा प्रतिसाद

मर्यादेची सूचना मान्य. आज माझी मर्यादा पाहिली तर ती १५,००० रुपये निघाली, म्हणजे ती नसल्यातच जमा होती. ३,००० केली आहे.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही वीजबिले काढून पाहिली. पहिल्या बिलात चालू रिडिंगच्या जागी खरोखरच आकडा नसून शेरा आहे. टप्पे मात्र दुसऱ्या बिलात दोन महिन्यांचेच धरलेले आहेत, २०० आणि ११०. म्हणजे आकारणी बरोबर निघाली आणि मी उगाच कंपनीवर संशय घेत होते. रिडिंग घेणारा परत का गेला, याचे उत्तरही घरातच मिळाले. मीटर ओसरीवर आहे आणि त्या आठवड्यात आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो.

दुकानात आवक वही सुरू केली आहे. पहिल्याच दिवशी साखरेच्या दहा पोत्यांच्या चलनावर नऊ पोती उतरली. चालक म्हणाला की दहावे पोते पुढच्या फेरीत येईल, सही करून टाका. मी ‘नऊ मिळाली’ असे लिहूनच सही केली. तो जरा खट्टू झाला, पण संध्याकाळी बिल नऊ पोत्यांचेच आले.

आता दोन शंका. जुन्या बासनात काही बिले फुलीशिवाय सापडली आहेत, त्यांतील दोन सात महिन्यांपूर्वीची आहेत. ती खरोखर थकली असतील तर काही कायदेशीर अडचण येते का? आणि करसल्लागारांकडे बिले महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत पोहोचवावीत?

निवृत्त हिशेबनीस यांचा प्रतिसाद

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. आपल्या विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून आपल्या खरेदीचा जो तक्ता जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होतो, तो दर महिन्याच्या १४ तारखेला येतो. जे बिल त्यात नाही, त्याच्या कराची वजावट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपण भरायच्या करातून वजा करणे, त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणून १० तारखेच्या आत सगळी बिले सल्लागारांकडे द्यावीत आणि १४ नंतर त्यांच्याकडून न सापडलेल्या बिलांची यादी मागवावी. त्या विक्रेत्याला लगेच फोन करावा. तो चार महिन्यांनी केला तर कोणी दाद देत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता जुनी बिले. विक्रेत्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. आपली दोन बिले ही मुदत ओलांडून गेली आहेत, तेव्हा ती प्रथम खातेउताऱ्याशी जुळवा. बहुधा ती भरलेली असून फुली राहून गेली असेल, पण तसे गृहीत धरू नका. शिवाय विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, उदाहरणार्थ गावाकडचा मसाले किंवा पापड करणारा, तर लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. ती मुदत चुकली आणि वर्षअखेरीस रक्कम बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा होत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षात होतो. हे आपल्या विवरणपत्राच्या पद्धतीला लागू पडते का, ते सल्लागार सांगतील. थकलेले पैसे देताना घाईत रोख देऊ नका. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तोही खर्च आयकरात नामंजूर होतो.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

काका, खातेउतारा आजच मागवला आहे. एक गोष्ट संकोचाने विचारते. आपण पहिल्या प्रतिसादात पंधरा लिटरच्या डब्यात १३.५६ किलो तेल असते असे लिहिले आहे आणि कमी १.३५ किलो. मी वजाबाकी केली तर १३.६५ येते. दोन्ही आकड्यांतला फरक ०.०९ आहे, म्हणून विचारले.

निवृत्त हिशेबनीस यांचा प्रतिसाद

१३.६५ हेच बरोबर आहे. अंक माझ्याच हातून उलटे पडले. जुन्या बिलांच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे छापलेले असे, ते माझ्या त्या प्रतिसादाखाली लिहिले आहे असे समजावे. वही आपण चालू ठेवा, आणि तेलाचे डबे उतरतील त्या दिवशी एक डबा काट्यावर ठेवून पाहा. रिकाम्या डब्याचे वजन वजा करायला विसरू नका.